मान तेच, मानकरी नवे: युद्धकाळातला अफगाण समाज

अफगाणिस्तानात आजवर एकही पूर्ण जनगणना झालेली नाही. १९७९ साली शिरगणती सुरू झाली, पण तोवर खेडोपाडी बंड पेटले होते आणि काम अर्धवट राहिले. त्यामुळे पश्तून किती, ताजिक किती, याचे जे आकडे छापले जातात ते अंदाज असतात आणि प्रत्येक अंदाजामागे कुणाचे तरी राजकारण असते. पश्तून (आपल्याकडचे पठाण) हा सर्वांत मोठा समूह मानला जातो. त्यानंतर ताजिक, हजारा आणि उझबेक येतात. शिवाय तुर्कमेन, ऐमाक, बलुच, पशाई, नूरिस्तानी असे अनेक आहेत. २००६ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रगीतात चौदा समूहांची नावे घालावी लागली होती.

ही यादी पाठ केल्याने मात्र अफगाण समाज कळत नाही. अफगाण माणूस आपली ओळख सांगताना ‘कौम’ हा शब्द वापरतो आणि त्याचा आवाका प्रसंगाप्रमाणे बदलतो. पाण्याच्या भांडणात कौम म्हणजे आपली भावकी असते, बाजारात आपले खोरे आणि निवडणुकीत सगळे ताजिक किंवा सगळे हजारा. फ्रेडरिक बार्थ या नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञाने १९५४ साली स्वात खोऱ्यातल्या पठाणांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९६९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात एक निष्कर्ष मांडला. समूह टिकतो तो त्याच्या सीमेमुळे, त्या सीमेच्या आत कोणते रीतिरिवाज आहेत यामुळे नव्हे. त्याने दाखवले की दक्षिणेकडे जमीन आणि पत गमावलेली पठाण कुटुंबे बलुच सरदारांच्या आश्रयाला जात आणि कालांतराने बलुच म्हणवून घेत. पठाण राहायचे तर सभेत बरोबरीने बसता आले पाहिजे. ते जमेनासे झाले की दुसऱ्या समाजात सरदाराचा माणूस म्हणून राहणे परवडत असे. जन्माने मिळालेली वाटणारी ओळखही अशी निभावावी लागते.

या समाजाचे बाहेरच्या जगातले चित्र तयार होण्यात पुण्याचाही वाटा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ साली पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारी ब्रिटिशांचा वकील म्हणून गेला. काबूल त्याने पाहिलेच नाही. १८११ पासून तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता आणि काबूलच्या राज्याविषयीचा त्याचा जाडजूड ग्रंथ त्याच काळात, १८१५ साली, लंडनला प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कुळांशी अफगाण टोळ्यांची तुलना करून त्याने स्वतंत्र वृत्तीच्या, आपसात भांडणाऱ्या, राजाला न जुमानणाऱ्या लोकांचे चित्र रेखाटले. पुस्तक कसदार होते, पण त्याच्या नकला करणाऱ्यांनी ते चित्र गोठवून टाकले. पुढे दीडशे-दोनशे वर्षे प्रत्येक आक्रमकाला, प्रत्येक बातमीदाराला ‘हजारो वर्षांत न बदललेला अफगाण’ दिसत राहिला. प्रत्यक्षात आज ‘परंपरा’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत, आणि काही तर गेल्या चाळीस वर्षांत, घडलेल्या आहेत.

त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे पश्तूनवली, पश्तूनांची अलिखित रीत. दारी आलेल्याचे आतिथ्य (मेलमस्तिया), शरण आलेल्याला, तो वैरी असला तरी, आसरा (ननवाते), अपमानाची परतफेड (बदल) आणि घरच्या स्त्रियांच्या व जमिनीच्या संदर्भातली अब्रू (नामूस) हे तिचे मुख्य भाग. या रीतीत बळ आहे यात शंका नाही. २००५ साली कुनार प्रांतातल्या एका गावाने जखमी अमेरिकी सैनिकाला तालिबानच्या हवाली करायला नकार दिला, तो याच आधारावर. पण पश्तूनवली हे कलमवार कायद्याचे पुस्तक नाही. माणसे तिच्या भाषेत वाद घालतात आणि तिच्याच भाषेत तडजोडही करतात. बदला घेण्याची रीत आहे तशी बदला थांबवण्याचीही आहे. अपराधी पक्ष मेंढी घेऊन, कधी घरच्या बायकांना पुढे करून, वैऱ्याच्या दारात जातो आणि मग जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांची सभा, भरपाई ठरवते. भरपाई पैशात असते, जनावरांत असते आणि कधी कधी वैऱ्याच्या घरी मुलगी देण्यात असते. या शेवटच्या प्रकाराला ‘बाद’ म्हणतात. पुरुषांच्या भांडणाची किंमत त्या मुलीला जन्मभर सासरी फेडावी लागते, आणि सन्मानाच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी या रीतीचे समर्थन होऊ शकत नाही.

या समाजात खरी धार असते ती भाऊबंदकीला. पश्तोत चुलतभावाला ‘तरबूर’ म्हणतात आणि त्याच्याशी असलेल्या चुरशीला ‘तरबुरवली’. आजोबांची जमीन वाटली गेली की बांधाला बांध लागतो तो चुलतभावाचा आणि पुढारपणासाठी उभा राहतो तोही चुलतभावच. म्हणून बाहेरचा शत्रू आला की एक होणारी टोळी तो गेला की लगेच फुटते. अफगाण राजकारणातल्या अनेक फितुऱ्यांचे मूळ विचारसरणीत शोधले जाते. ते बरेचदा वाटणीपत्रात सापडते. पाकिस्तानी मानवशास्त्रज्ञ अकबर अहमद यांनी यात आणखी एक भेद दाखवला. करमुक्त डोंगराळ भागातला पश्तून आणि कालव्याखालच्या, सारा भरणाऱ्या सपाट मुलखातला पश्तून यांचे जगणे वेगळे. पहिल्याकडे मान सगळ्यांचा सारखा असतो, दुसऱ्याकडे खान जमीनदार होतो आणि बाकीचे त्याची कुळे.

बिगरपश्तून मुलखात, आणि पुष्कळशा पश्तून मुलखातही, टोळीपेक्षा गाव आणि पाणी महत्त्वाचे. पर्जन्यमान कमी असल्याने शेती कालव्यांवर आणि कारेझांवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्यातून जमिनीखालून काढलेल्या पाटांवर, अवलंबून असते. पाण्याच्या पाळ्या लावणारा ‘मिराब’ हा तिथला पाटकरी. शेतकरीच त्याला निवडतात आणि मेहनताना धान्यात देतात. पाट साफ करायला गाव इर्जिकीने एकत्र येते, त्याला ‘हशर’ म्हणतात. काबूलमध्ये राजे, अध्यक्ष, सरचिटणीस आणि अमीर बदलत गेले, तरी पुष्कळ ठिकाणी मिराबाची पाळी चालू राहिली. राज्य कोसळूनही समाज का कोसळला नाही याचे उत्तर अशा संस्थांमध्ये आहे.

उत्तरेकडच्या उझबेक-तुर्कमेन पट्ट्यात खानाचा मोठेपणा बुझकशीच्या मैदानावर दिसतो. घोडेस्वार कापलेल्या वासराचे किंवा बोकडाचे धड एकमेकांकडून हिसकावून घेतात, एवढाच खेळ. नियम थोडे, धक्काबुक्की पुष्कळ. व्हिटनी एझॉय हा अमेरिकी माणूस मुत्सद्देगिरी सोडून मानवशास्त्राकडे वळला आणि त्याने १९७० च्या दशकात या खेळाचा अभ्यास केला. १९८२ च्या त्याच्या पुस्तकाचा मुद्दा असा की खेळात खरी परीक्षा यजमानाची असते. शेकडो पाहुणे बोलवायचे, त्यांच्या पंगती उठवायच्या, बक्षिसे द्यायची आणि हजारो माणसे जमलेली असताना दंगा होऊ द्यायचा नाही. हे ज्याला साधले त्याचे नाव वाढते. दंगा झाला तर मैदानातच त्याची पत उतरते. १९५० च्या दशकापासून सरकार काबूलमध्ये स्पर्धा भरवू लागले तेही याच हिशेबाने. १९७९ च्या अखेरीस रशियन फौजा आल्यावर राजधानीतली ही स्पर्धा भरवणे सरकारला जमेना, आणि तिकडे पेशावरजवळ निर्वासित अफगाण आपली बुझकशी खेळू लागले. सत्ता कुठे सरकते आहे हे लोकांना त्यावरूनच कळले.

डेव्हिड एडवर्ड्स या अभ्यासकाने अफगाण सार्वजनिक जीवनात तीन नैतिक चौकटी एकमेकींना छेदताना पाहिल्या: टोळीचा सन्मान, राजाची सत्ता आणि इस्लाम. तिघींचे एकमेकींवाचून भागत नाही आणि तिघींचे पटतही नाही. पश्तूनवली आणि शरियत एकच आहेत असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शरियतीत मुलीला वारसाहक्काचा वाटा आहे, रूढीत तो बहुधा मिळत नाही. शरियत व्यभिचाराच्या आरोपाला चार साक्षीदार मागते, अब्रूच्या नावाने खून करणारा भाऊ एकही मागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तालिबानने काढलेल्या फर्मानात जबरदस्तीचे लग्न आणि तंट्याच्या भरपाईत मुलगी देणे निषिद्ध ठरवले, विधवेचा वारसाहक्क मान्य केला. ज्यांनी मुलींच्या शाळा बंद केल्या त्यांनीच हे केले. धर्म आणि रूढी यांतली ही ओढाताण समजली नाही तर ते फर्मान कोड्यासारखे वाटते.

तिसरी चौकट राज्याची. अहमदशाह अब्दालीने १७४७ साली कंदहारला उभे केलेले राज्य, पानिपतावर मराठ्यांशी लढलेले ते राज्य, लूट आणि खंडणीवर चालणारा टोळ्यांचा संघ होते. देशाच्या आजच्या सीमा आणि केंद्रीय सत्तेचा साचा तयार केला अमीर अब्दुर रहमानने (१८८०–१९०१). त्याच्याच काळात, १८९३ साली, ड्युरंड रेषा आखली गेली आणि पश्तून मुलूख दोन राज्यांत विभागला गेला. १८९१ ते ९३ दरम्यान त्याने हजारांचे बंड मोडले, तेव्हा असंख्य माणसे मारली गेली, कित्येकांना गुलाम म्हणून विकले, उरलेल्यांतले पुष्कळ क्वेट्टा आणि मशहदकडे पळाले. हजारांची उन्हाळी कुरणे पश्तून भटक्या पशुपालकांना, म्हणजे कुचींना, दिली गेली. त्या कुरणांवरून बेहसूद भागात एकविसाव्या शतकातही माणसे मेली, आणि बातम्यांत तो ‘प्राचीन वंशवैराचा’ प्रकार म्हणून आला. १८९५–९६ च्या हिवाळ्यात काफिरिस्तान जिंकून तिथल्या लोकांना मुसलमान केले गेले आणि प्रदेशाचे नाव नूरिस्तान झाले. पश्तून कुटुंबे उत्तरेकडे नेऊन वसवली गेली. आजच्या वांशिक नकाशाचा बराच भाग असा एका अमीराच्या हुकमांनी तयार झाला आहे.

नंतरच्या सुधारकांची ठेच एकाच जागी लागली, ती म्हणजे घराच्या उंबरठ्यावर. राजा अमानुल्लाने विवाह, शिक्षण आणि पोशाख यांत हात घातला. १९२४ मध्ये खोस्तला बंड झाले आणि १९२९ च्या जानेवारीत त्याला गादी सोडावी लागली. १९५९ मध्ये पंतप्रधान दाऊद खान यांनी हेच काम सावधपणे केले. स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात मंत्र्यांच्या बायका चेहरा न झाकता बसल्या, सक्ती मात्र कुणावर केली नाही. काबूलने ते पचवले, कारण खेड्याला त्यात ओढले नव्हते. एप्रिल १९७८ च्या क्रांतीनंतर आलेल्या कम्युनिस्टांना हा धीर नव्हता. त्यांच्या सातव्या फर्मानाने विवाहातल्या मेहेराला ३०० अफगाणींची मर्यादा घातली आणि मुलीचे लग्नाचे वय १६ केले. आठव्याने उत्तम प्रतीच्या जमिनीवर ३० जरीब, म्हणजे सुमारे १५ एकर, अशी कमाल मर्यादा आणली.

कागदावर दोन्ही गोष्टी न्याय्य होत्या. मग ज्यांच्यासाठी त्या केल्या तेच का उठले? लग्नाचे उत्तर नॅन्सी टॅपर यांच्या अभ्यासात मिळते. त्यांनी १९७०–७२ मध्ये उत्तर अफगाणिस्तानातल्या दुराणी पश्तूनांमध्ये राहून काम केले, ते पुस्तकरूपाने १९९१ साली आले. देज (वधूमूल्य) घेणे म्हणजे मुलगी विकणे, असे या लोकांच्या लेखी नव्हते. देज किती, मुलगी कुणाला द्यायची, साटेलोटे कुणाशी करायचे, यांवर घराची पायरी ठरत होती. दुराणी खालच्या मानलेल्या समूहाची मुलगी करत, त्यांना आपली देत नसत. बेटीव्यवहाराची ही रेघ म्हणजेच समूहाची सीमा होती, आणि सरकार नेमकी तीच पुसायला निघाले होते. जमिनीचेही तसेच. जमीनदार कुळाची पिळवणूक करत होता, पण बी, बैल, पाणी आणि अडीअडचणीचे कर्जही त्याच्याकडूनच येत होते. सरकारने जमिनीचा कागद दिला, बी-बैलांची सोय केली नाही. त्यात अटका आणि फाशी सुरू झाल्या. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा उतरल्या तेव्हा बंड आधीच देशभर पसरलेले होते.

पुढच्या दहा वर्षांत समाजाची जी उलथापालथ झाली तिला तोड नाही. सुमारे ६० लाख माणसे देशाबाहेर गेली, निम्मी पाकिस्तानात, जवळपास तितकीच इराणमध्ये. गावात खानाचे वजन त्याच्या दस्तरखानावर, म्हणजे तो किती माणसांना जेवू घालतो यावर, ठरत असे. युद्धात शेती उजाड झाली, कित्येक खान मारले गेले किंवा परदेशी गेले. त्यांच्या जागी ‘कोमांदान’ (कमांडर) आला. त्याच्याकडे जमीन असेलच असे नाही, पण पेशावरहून चालणाऱ्या एखाद्या बंडखोर पक्षाशी संधान असे, आणि त्या वाटेने अमेरिका व सौदी अरेबियाच्या पैशाची शस्त्रे येत. तो खानासारखीच पंगत उठवत असे आणि निवाडेही करत असे. खानाला मात्र गावाची मर्जी सांभाळावी लागायची, याला फक्त पुरवठा सांभाळावा लागत असे.

पाकिस्तानातल्या छावण्यांत नोंदणीसाठी आणि मदतीसाठी मान्यताप्राप्त सात पक्षांपैकी एकाचा आधार लागे. धान्यवाटपासाठी नेमलेल्या मध्यस्थांना लोक ‘रेशन मलिक’ म्हणू लागले. मलिक हे गावपुढाऱ्याचे जुने पद, त्याचा आधार आता शिधापत्रिका. स्त्रियांचे जगणे छावणीत आणखी आक्रसले. खेड्यात सगळे नातलगच, म्हणून शेतात, पाणवठ्यावर, शेजारी त्यांचा वावर असे. छावणीत भिंतीला भिंत लागली परक्यांची, आणि पडदा कडक झाला. खेड्यात सैल असलेली रीत निर्वासितांच्या वस्तीत ताठर झाली आणि पुढे तीच ‘मूळ परंपरा’ म्हणून परत आली.

तालिबानचा उगम या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. जुन्या पश्तून गावात मुल्ला हा मानाचा पण दुय्यम माणूस. तो बहुधा भावकीच्या वंशावळीबाहेरचा असे, गावाने दिलेल्या धान्यावर जगे, जिरग्यात दुवा मागे, निवाडा करत नसे. युद्धाने खान हटवला आणि मदरशांनी मुल्लाला जाळे, पैसा आणि विद्यार्थी दिले. १९९४ साली कंदहारात उभी राहिलेली आणि १९९६ च्या सप्टेंबरात काबूल घेणारी ही चळवळ टोळीची नव्हती. टोळीचा जुना उतरंडीचा क्रम तिने उलटा केला होता. छावण्यांतल्या, स्त्रियांशिवायच्या मदरशांत वाढलेल्या तरुणांनी आपल्या कल्पनेतले खेडे काबूल-हेरातसारख्या शहरांवर लादले. त्यांच्या कारभाराला ‘मध्ययुगीन’ म्हणण्याची सवय आहे, पण निर्वासित छावणी ही अगदी विसाव्या शतकातली गोष्ट आहे.

या काळात लोक गप्प नव्हते. पश्तून स्त्रियांचा ‘लंडय’ हा दोन ओळींचा, पहिल्या ओळीत नऊ आणि दुसरीत तेरा अक्षरांचा प्रकार जात्यावरच्या ओवीशी नाते सांगतो, पण ओवीपेक्षा तो कितीतरी बेधडक आहे: म्हाताऱ्या नवऱ्याची टर, प्रियकराला आव्हान, रणातून पळालेल्याची निर्भर्त्सना. निर्वासित स्त्रियांमध्येही तो नव्याने रचला जात राहिला. सय्यद बहाउद्दीन मजरूह या कवी-तत्त्वज्ञाने हे लंडय जमवले. १९८८ च्या फेब्रुवारीत पेशावरमध्ये त्याचा खून झाला. गालिचे विणणाऱ्यांनी फुलवेलींच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टरे आणि कलाश्निकोव्ह विणली. आधी त्यात अनुभव होता, पुढे परदेशी गिऱ्हाइकाची मागणीही आली.

हजारांची गोष्ट सर्वांत अनपेक्षित. अलेस्सांद्रो मोन्सुत्ती या स्विस अभ्यासकाने २००५ च्या पुस्तकात दाखवले की हजारा पुरुषांचे इराणच्या बांधकामांवर आणि क्वेट्टाजवळच्या कोळसा खाणींत जाणे म्हणजे नुसते पळून जाणे नव्हते. कुटुंबातला एक इकडे, एक तिकडे, पैसा हवाल्याने घरी, आणि धोका वाटून घेतलेला. शतकभर तुच्छ लेखलेल्या या समाजाने २००१ नंतर शिक्षणात झपाट्याने मुसंडी मारली. मुलींच्या शिक्षणातही तो पुढे होता, पण त्याच्या शाळा व शिकवणीवर्ग बॉम्बहल्ल्यांचे लक्ष्यही ठरले.

२००१ ते २०२१ या वीस वर्षांत काबूल फुगले. खासगी दूरचित्रवाहिन्या आल्या, गाण्याच्या स्पर्धा आल्या, हजार-हजार पानांची लग्ने लावणारे झगमगीत हॉल आले. लाखो मुली शाळेत गेल्या. पुण्याच्या महाविद्यालयांतही अफगाण विद्यार्थी सवयीचे झाले. मदतीच्या आणि लष्करी कंत्राटांच्या पैशाने कोमांदानांचे ठेकेदार झाले. याच काळात अमेरिकी लष्कराने २००७ साली मानवशास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर पाठवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी जाहीर विरोध केला, तरी प्रयोग २०१४ पर्यंत चालला. ज्या माणसांनी विश्वासाने माहिती द्यायची त्यांच्यावरच ती उलटू शकते, हा आक्षेप रास्त होता. शिवाय टोळीचे कोष्टक हाती घेऊन गेलेल्यांना ‘खरा मलिक’ शोधायचा होता, आणि तीस वर्षांच्या युद्धानंतर मलिक कोण हाच तर गावातला वादाचा विषय होता.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान पुन्हा काबूलमध्ये आले. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडता उघडता बंद झाल्या, डिसेंबरमध्ये विद्यापीठांची दारे मिटली. नवरोजची सार्वजनिक सुट्टी गेली. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने घराबाहेर स्त्रीचा आवाजही झाकण्याची गोष्ट ठरवला. मात्र या वेळी त्यांच्यासमोरचा समाज १९९६ चा नाही. घरोघरी शिकलेल्या बायका आहेत, हाताहातात मोबाईल आहे, गुपचूप चालणारे वर्ग आहेत, आणि मुलींच्या शाळेला पश्तून खेड्यांतले वडीलधारेही उघडपणे पाठिंबा देताना दिसले आहेत. मुलींना शिकवणे अफगाण रीतीत बसत नाही, हे म्हणणे अफगाणांनीच खोटे ठरवले आहे.

दरम्यान पाकिस्तानने २०२३ च्या शेवटापासून आणि इराणनेही मोठ्या प्रमाणावर अफगाणांना परत धाडायला सुरुवात केली आहे. परतणाऱ्यांत अनेकजण पेशावर, कराची किंवा मशहदमध्ये जन्मलेले आहेत. वडिलांच्या गावात त्यांच्या नावावर जमीन नाही, पाण्याची पाळी नाही, आणि जिरग्यात त्यांच्या बाजूने बोलणारी भावकीही पुष्कळदा उरलेली नाही.